पन्नाशीनंतरचा हिवाळा आणि आपली त्वचा

गेल्या पौष महिन्यात उपाश्रयात माझ्या शेजारी बसणाऱ्या एका श्राविकेने काहीशा संकोचाने मला विचारले, "ताई, सामायिकात बसल्यावर तुमच्या पायांना खाज सुटते का हो?" त्यांचे वय बावन्न. पाळी जाऊन दोन वर्षे झालेली. कटासण्यावर स्थिर बसल्यानंतर दहा मिनिटे जातात न जातात तोच नडग्या चुरचुरू लागतात, मग पाठ, मग कमरेला परकराची नाडी बांधतो ती जागा. प्रत्येक वेळी चरवळ्याने पुंजून घ्यायचे आणि मगच हात लावायचा. पण ४८ मिनिटांत असे किती वेळा करणार? नवकाराची माळ हातात राहते आणि लक्ष पायाकडे जाते. "माझीच साधना कच्ची, दुसरे काय," असे म्हणून त्या हसल्या. परंतु त्या हसण्यात खंत होती.

मी त्यांना तत्काळ उत्तर दिले. "थंडी आहे, खोबरेल चोळा, होळीपर्यंत आपोआप जाईल." उत्तर देताना मला जराही शंका वाटली नव्हती. माझे हे उत्तर निम्मे बरोबर होते आणि निम्मे चूक. बरोबर निम्म्याविषयी लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. चूक निम्मे अधिक महत्त्वाचे असल्यामुळे तेही सांगणार आहे.

पाळी जाणे म्हणजे केवळ महिन्याचा त्रास संपणे, अशी आपल्या घरांतील समजूत असते. भारतात साधारणपणे शेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास रजोनिवृत्ती येते, म्हणजे पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा चार-पाच वर्षे अगोदर. बीजकोशातून स्रवणारे इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक या काळात झपाट्याने घटते. हे संप्रेरक केवळ गर्भाशयासाठी नसते; हाडे, रक्तवाहिन्या, मूत्रमार्ग आणि त्वचा या सर्वांवर त्याचा अंमल असतो. त्वचेला भरीवपणा देणारे कोलॅजेन नावाचे प्रथिन रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या पाच वर्षांत सुमारे ३० टक्के घटते आणि पुढे दर वर्षी साधारण २ टक्क्यांनी घटत राहते. म्हणूनच चेहऱ्यावर सुरकुत्या दिसण्याआधीच "अंग हाताला वेगळे लागते" असे अनेक भगिनी सांगतात. शस्त्रक्रियेने दोन्ही बीजकोश काढले असतील, तर हाच बदल काही वर्षांऐवजी काही आठवड्यांत अंगावर कोसळतो.

खरखरीतपणाचे मूळ मात्र कोलॅजेनमध्ये नसून त्वचेच्या अगदी वरच्या थरात असते. हा थर साध्या कागदाहूनही कितीतरी पातळ असतो. त्वचारोगतज्ज्ञ त्याला विटांच्या भिंतीची उपमा देतात. मृत पेशी या विटा, आणि त्यांच्यामधील स्निग्ध पदार्थ हा चुना. या चुन्यात सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले असतात. चुना शाबूत असेल तर आतले पाणी आत राहते आणि बाहेरचा साबण, धूळ, डिटर्जंट बाहेर राहतात. इस्ट्रोजेन घटले की हा चुना कमी तयार होतो आणि तैलग्रंथींतून येणारे नैसर्गिक तेलही आटू लागते. पुरुषांच्या तैलग्रंथी उतारवयातही बऱ्यापैकी काम करीत राहतात. एकाच घरात, एकाच साबणाने, एकाच पाण्याने आंघोळ करणाऱ्या पतीची त्वचा ठीक असते आणि पत्नीच्या पायांवर माशाच्या खवल्यांसारखे पापुद्रे दिसतात, त्याचे हे कारण आहे. "मला तर काही होत नाही, तुलाच कसे होते?" हा प्रश्न ज्या घरांत विचारला जातो, तेथे हे एवढे अवश्य वाचून दाखवावे.

या भिंतीचा चुना ऋतूनुसारही कमी-जास्त होतो. १९९६ साली ब्रिटनमधील संशोधकांनी वेगवेगळ्या वयाच्या स्त्रियांच्या त्वचेतील स्निग्धांश मोजला. तो वयाबरोबर घटतो हे दिसलेच. शिवाय वसंत आणि ग्रीष्माच्या तुलनेत हिवाळ्यात तो लक्षणीयरीत्या खाली जातो, हेही दिसले. वयाची घट कायमची आणि हिवाळ्याची घट हंगामी. तिशीत केवळ दुसरी होती, म्हणून थोडेसे कोल्ड क्रीम पुरत असे. पन्नाशीनंतर दोन्ही एकत्र येतात.

हवेचा हिशेबही मांडून पाहण्यासारखा आहे. ३० अंश सेल्सिअस तापमानाची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम बाष्प सामावून घेऊ शकते. १० अंशांची हवा जेमतेम ९ ग्रॅम. नाशिक-निफाडकडे किंवा अहिल्यानगरच्या बाजूला पहाटे दव पडलेले असते, म्हणजे हवा बाष्पाने भरलेली असते; पण भरून भरून किती, तर ९ ग्रॅम. तीच हवा दुपारी ३० अंशांपर्यंत तापली की तिच्या क्षमतेच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याइतकेच बाष्प तिच्यात उरते. उरलेले पाणी ती मिळेल तेथून ओढून घेते: वाळत घातलेल्या साड्यांतून, कुंडीतील मातीतून आणि आपल्या त्वचेतून. कोकणात ही ओढ फार कमी असते. नोकरीच्या बदल्यांमुळे मी किनाऱ्यावरही राहिले आणि खानदेशातही. किनाऱ्यावर मला क्रीमची बाटली आणल्याचे आठवत नाही. खानदेशात डिसेंबर-जानेवारीप्रमाणेच मे महिन्याच्या कोरड्या झळांमध्येही ओठ फुटत. तेव्हा "कोरडेपणा फक्त थंडीचा" हे सर्व गावांना लागू नाही. दिवसभर वातानुकूलित दुकानात किंवा पेढीवर बसणाऱ्या स्त्रियांना तर वैशाखातही हिवाळाच असतो, कारण ते यंत्र हवा थंड करताना तिच्यातील बाष्प काढून घेते. पाण्याचा जुना वाळ्याचा कूलर या बाबतीत त्वचेला अधिक मानवतो.

नडग्यांवरच हा त्रास आधी का दिसतो? पायांच्या पुढच्या भागावर तैलग्रंथी मुळात थोड्या असतात. त्यानंतर हातांचा क्रमांक लागतो, आणि आपल्या व्यापारी कुटुंबांत हात तर दिवसभर कामात. कापडाच्या दुकानात ठाणे उलगडणे, कागदी खोकी, नोटांची बंडले यांपैकी प्रत्येक वस्तू बोटांवरचे तेल टिपून घेते. रोखपालाच्या खिडकीत बसणाऱ्या सहकाऱ्यांची बोटे हिवाळ्यात कशी चिरत, हे मी अनेक वर्षे पाहिले आहे. ओल्या स्पंजावर बोट ओले करायचे, लगेच कोरड्या कागदावर फिरवायचे. पुन्हा ओले, पुन्हा कोरडे. घरी भांडी घासणे हा याच प्रकाराचा दुसरा अवतार. सकाळी लवकर स्नान करून पूजेची वस्त्रे नेसून देरासरात प्रक्षाल करणाऱ्या आणि घरी येऊन कामे उरकल्यावर पुन्हा आंघोळ करणाऱ्या भगिनींची त्वचा दिवसातून दोनदा साबणाने धुतली जाते, हेही लक्षात घेतले पाहिजे.

स्नान, तेल आणि एक सावधगिरी

साबणाविषयी थोडे. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, सामू ५ च्या आसपास. साबण मात्र अल्कधर्मी, सामू ९ ते १०. साबण मळ काढतो आणि त्याबरोबर तो चुनाही थोडा काढून नेतो. बोअरवेलच्या जड पाण्यात तर साबणाचा न विरघळणारा साका त्वचेवर राहतो. उपाय सोपा आहे: हिवाळ्यात साबण काखा, जांघा आणि तळपाय एवढ्यापुरताच ठेवावा. हातापायांना, पाठीला रोज साबण लावण्याचे कारण नसते; तेथे इतका मळ येतच नाही. साबण घेताना वेष्टनावरील टीएफएमचा आकडा पाहावा. भारतीय मानकानुसार पहिल्या श्रेणीच्या साबणात तो किमान ७६ टक्के असतो, तिसऱ्या श्रेणीत ६० टक्के. पाणी कोमट असावे. कडकडीत पाण्याने खाज क्षणभर थांबते, मोठे सुख वाटते, आणि अर्ध्या तासाने ती दुप्पट होऊन परतते. हा अनुभव नसलेली स्त्री मला अद्याप भेटलेली नाही.

पुढची गोष्ट वेळेची आहे. पंचाने अंग घासून कोरडे करू नये, टिपून घ्यावे. आणि त्वचा दमट असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत तेल किंवा मॉइश्चरायझर लावावे. मॉइश्चरायझर त्वचेत पाणी घालतो, असे आपण समजतो. त्याचे मुख्य काम असलेले पाणी राखणे हे आहे. दुपारी चार वाजता सुकलेल्या पायांवर चोळलेले महागडे क्रीम आंघोळीनंतर लगेच लावलेल्या साध्या खोबरेलाइतके काम करीत नाही.

आपल्याकडे दिवाळीच्या पहाटे अभ्यंग करतात, तो नेमका थंडीच्या तोंडावर. आयुर्वेदाच्या ग्रंथांतही हेमंत ऋतूच्या चर्येत अभ्यंग सांगितलेला आहे. पूर्वजांचे हे निरीक्षण अचूक होते. मात्र तेल लावल्यानंतर आपण उटणे किंवा बेसन चोळून ते सर्व काढून टाकतो. तरुण त्वचेला ते चालते. पन्नाशीनंतर उटणे दिवाळीपुरते ठेवावे, रोज घेऊ नये. आणि आंघोळीपूर्वी तेल लावले असले तरी आंघोळीनंतर पुन्हा एक पातळ हात फिरवावा. तेलांतही फरक आहे. शुद्ध खोबरेल तेलाने कोरडी त्वचा सुधारते हे वैद्यकीय चाचणीत दिसलेले आहे. राजस्थानातून आलेल्या आपल्या अनेक घरांत सरसोचे तेल अंगाला लावण्याची रीत आहे. भिंतीचा चुना आधीच ढासळलेल्या त्वचेला ते झोंबते आणि अपाय करू शकते. त्यासाठी घरात वाद घालण्याची आवश्यकता नाही. सासूबाईंना सरसो, सुनेला खोबरेल, असे दोन शिसे ठेवावेत.

आता सावधगिरी. तळपायांना तेल लावून कोणीही न्हाणीघराच्या फरशीवर पाय ठेवू नये. ज्या इस्ट्रोजेनच्या अभावी त्वचा कोरडी होते, त्याच्याच अभावी हाडेही ठिसूळ होतात. टाचेच्या भेगेपायी खुब्याचे हाड मोडून घेणे हा फार महागाचा व्यवहार आहे. टाचांना रात्री झोपताना लावावे, सुती मोजे घालावेत आणि मगच पलंगावरून पाय खाली घ्यावेत.

डबीवर काय लिहिले आहे?

महिलांच्या मासिकांतून दर हिवाळ्यात "मध आणि साय" असा उपाय छापून येतो. मध आपल्याला वर्ज्य असल्याने तो मार्ग बंद आहे, आणि खरे सांगायचे तर त्याने फारसे बिघडत नाही. बाजारातील क्रीमचा प्रश्न मात्र अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण त्यांतील प्राणिजन्य पदार्थ मधासारखे उघड नावाने येत नाहीत. लॅनोलिन हा मेंढीच्या लोकरीतील मेणचट पदार्थ आहे. स्क्वालिन पूर्वी शार्क माशाच्या यकृतातून काढीत. आता त्याचेच स्थिर रूप, स्क्वालेन, ऑलिव्ह किंवा उसापासूनही मिळते. कोलॅजेन हे प्राण्यांच्या कातडी-हाडांतून किंवा माशांपासून येते. त्याची पावडर दुधातून घेण्याची जी टूम निघाली आहे, तिच्यापासून श्रावकांनी दूर राहावे. सोडियम टॅलोएट हा प्राण्यांच्या चरबीचा साबण, सोडियम पामेट हा पाम तेलाचा. परदेशातील नातेवाइकांनी प्रेमाने आणलेल्या वड्यांवर हे नाव पाहण्याची सवय ठेवावी. ग्लिसरीन आणि स्टिअरिक आम्ल वनस्पतिजन्यही असते आणि प्राणिजन्यही, त्यामुळे तेथे उत्पादकाकडून खात्री करावी लागते.

याउलट काही नावे ऐकून उगाच नाक मुरडले जाते. पेट्रोलियम जेली खनिज तेलापासून होते. १८७२ साली अमेरिकेत तिचे पेटंट घेतले गेले, आणि त्वचेतून उडून जाणारे पाणी रोखण्यात तिच्या तोडीचे दुसरे स्वस्त द्रव्य अद्याप नाही. युरिया या नावाने काही भगिनी दचकतात. क्रीममधील युरिया कारखान्यात तयार होतो, कोणत्याही प्राण्यापासून घेतला जात नाही. १० टक्के युरिया असलेले क्रीम टाचांच्या जाड, फुटलेल्या त्वचेवर चांगले काम करते. उघड्या भेगांवर मात्र ते झोंबते, म्हणून आधी जेलीने भेगा भरू द्याव्यात. ग्लिसरीन निव्वळ लावू नये, पाणी किंवा गुलाबपाणी घालून लावावे. लिंबू त्यात पिळू नये.

आणखी एक खुलासा. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करण्यास भारतात २०१४ पासून बंदी आहे. ही गोष्ट आनंदाची आहे. परंतु "प्राण्यांवर चाचणी नाही" याचा अर्थ "प्राणिजन्य घटक नाहीत" असा होत नाही. दोन्ही वाक्ये वेगळी आहेत आणि दुकानात ती सर्रास एकच समजली जातात.

संप्रेरकांच्या गोळ्यांबद्दलही येथेच लिहिते. केवळ त्वचेच्या कोरडेपणासाठी त्या दिल्या जात नाहीत; अंगातून वाफा निघणे, झोप न लागणे असा त्रास फार असेल, तर लाभ-हानी पाहून डॉक्टर त्या सुचवतात. त्यांतील प्रेमारिन या जुन्या औषधातील संप्रेरक गाभण घोडींच्या मूत्रापासून मिळवले जाते. इंग्रजी नावही त्यावरूनच पडले आहे. वनस्पतीतील द्रव्यांपासून बनवलेले इस्ट्रॅडिऑल हा पर्याय उपलब्ध आहे. आपण सांगितल्याशिवाय डॉक्टरांना आपला नियम कळत नाही, आणि सांगितल्यावर ते बहुधा पर्याय देतात.

याच ओघात एक नाजूक विषय. कोरडेपणा केवळ हातापायांनाच येतो असे नाही. योनिमार्गाची त्वचाही पातळ आणि कोरडी होते, आग होते, वारंवार लघवीला जावे लागते, मूत्रमार्गाचा संसर्ग पुन्हा पुन्हा होतो, आणि पतीजवळ जाणे वेदनेचे होते. हातापायांचा कोरडेपणा ऋतूबरोबर उतरतो. हा उतरत नाही, उलट उपचार न केल्यास वाढत जातो. त्यावर स्थानिक उपचार आहेत, अत्यल्प मात्रेच्या इस्ट्रोजेनचे मलमही आहे, आणि ते स्त्रीरोगतज्ज्ञाने तपासून द्यायचे असते. पाळी गेल्याला वर्ष उलटल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला तरी त्याच आठवड्यात तपासणी करावी. तसेच एकाच स्तनाग्राभोवती खपली, ओल किंवा खाज असेल आणि ती साध्या मलमाने जात नसेल, तर तिला कोरडेपणा म्हणून सोडून देऊ नये. त्यामागे कर्करोग असू शकतो.

तप आणि त्वचा

थंडीत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. चौविहार करणाऱ्यांचे पाणी तेव्हा संपते, ते दुसऱ्या दिवशी नवकारशी आल्यावर सुरू होते. मधले साडेतेरा-चौदा तास निर्जळ. दिवसभर तहानही लागत नाही, त्यामुळे अनेक भगिनींचे दिवसाचे पाणी चार-पाच पेल्यांवर येते. जास्त पाणी प्यायल्याने त्वचा मऊ होते हा लोकप्रिय समज फारसा खरा नाही. पण शरीरालाच पाणी कमी पडले तर त्वचा, आतडी आणि मूत्रमार्ग तिन्ही तक्रार करतात. तेव्हा उकळलेले पाणी कोमट करून थर्मासमध्ये जवळ ठेवावे आणि सूर्यास्तापूर्वी वेळोवेळी प्यावे. सायंकाळी साडेपाचला एकदम तीन पेले पिण्याने रात्रीची झोप मात्र मोडते.

आयंबिलाची ओळी वर्षातून दोनदा येते, चैत्रात आणि आश्विनात, म्हणजे दोन्ही ऋतुसंधींवर. नऊ दिवस तूप, तेल, दूध, दही, गूळ-साखर नाही. दक्षिण महाराष्ट्रातील आपल्या दिगंबर कुटुंबांतही रसत्यागाचे नियम असतातच. रसपरित्याग हे बाह्य तपाच्या सहा प्रकारांपैकी एक. त्याच्याविषयी शंका घेण्याचा माझा अधिकार नाही आणि इच्छाही नाही. मी आहाराविषयी एवढेच सांगेन की ज्या स्निग्धांशातून त्वचेचा चुना तयार होतो, त्यातील लिनोलिक आम्ल शरीर स्वतः बनवू शकत नाही. ते तीळ, करडई, सूर्यफूल, शेंगदाणे, अक्रोड अशा अन्नातूनच यावे लागते. ओळी नऊ दिवसांची असते. ओळी नसताना वजनाच्या किंवा कोलेस्टेरॉलच्या भीतीने वर्षभर तेल-तूप बंद करणाऱ्या भगिनी मला अधिक भेटतात, आणि त्याला तप म्हणता येणार नाही. पारण्यानंतर जवसाची चटणी, तिळाची वडी ताटात असू द्यावी. आणि तपाच्या नऊ दिवसांत अंगाला तेल लावण्यास हरकत आहे का, हे ज्या त्या भगिनीने आपल्या साध्वीजींना विचारावे. मला मिळालेले उत्तर औषध म्हणून लावण्यास अनुकूल होते.

माझ्या उत्तराचे निम्मे चुकलेले

आता त्या श्राविकेकडे वळते. खोबरेल सुरू झाले, कडक पाणी बंद झाले, साबण कमी झाला. माघात थोडे बरे वाटले. फाल्गुन आला, होळी झाली, धुळवडीला उन्हाने डांबर मऊ झाले. माझी त्वचा दरवर्षीप्रमाणे सुधारली. त्यांची सुधारली नाही. चैत्राच्या ओळीत त्यांनी नऊ आयंबिले केली आणि व्याख्यानात मी त्यांच्याकडे पाहिले तर एप्रिलच्या उकाड्यात त्या शाल पांघरून बसलेल्या. चेहरा किंचित सुजल्यासारखा, आवाज जड. केस फार गळतात, पोट साफ होत नाही, हे त्यांनी विचारल्यावर सांगितले. घरी सर्वांनी एकच निदान केले होते: "पाळी गेल्यावर असे होतेच." आणि मीही डिसेंबरात त्याहून वेगळे काय सांगितले होते?

दरम्यान त्यांनी गावातील एका औषधाच्या दुकानातून, चिठ्ठीशिवाय, खाजेची एक ट्यूब आणून महिनाभर लावली होती. तिच्यात क्लोबेटासोल हे तीव्र स्टेरॉइड होते. त्याने खाज दोन दिवस थांबते, मग पुन्हा येते, आणि आधीच पातळ होत चाललेली त्वचा आणखी पातळ होते. पावसाळ्यात नायटा असेल तर तो दडून पसरतो. औषधविक्रीच्या व्यवसायात आपल्या समाजाची कितीतरी घरे आहेत. गल्ल्यावर बसणाऱ्या आपल्या मुलांना ही एक गोष्ट जरूर सांगावी.

रक्त तपासले. टीएसएच वाढलेले निघाले. थायरॉइड ग्रंथी मंदावली होती. या विकाराची लक्षणे आणि रजोनिवृत्तीची लक्षणे इतकी सारखी आहेत की एक दुसऱ्याच्या आड सहज लपते: थकवा, वजन वाढणे, कोरडी त्वचा, मन उदास होणे. फरक दाखवणाऱ्या काही खुणा असतात. थंडी सहन न होणे ही एक, आणि ऋतू पालटला तरी त्वचा न पालटणे ही दुसरी. वय आणि हिवाळा मिळून आलेला कोरडेपणा वसंतात निदान काही अंशी तरी उतरला पाहिजे. तो उतरला नाही, किंवा पुरळ नसताना सर्वांगाला खाज येते, किंवा अंगावर मुंग्या चालल्यासारखे होऊन रात्री झोपमोड होते, तर थायरॉइड, रक्तातील साखर, हिमोग्लोबिन आणि लोह, मूत्रपिंड आणि यकृत यांच्या तपासण्या करून घ्याव्यात. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी किंवा कोलेस्टेरॉलची गोळी सुरू असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घालावे, कारण त्यांनीही त्वचा कोरडी होऊ शकते. या तपासण्या जवळपास कोणत्याही तालुक्याच्या गावी होतात.

गोळी सुरू करताना त्यांच्यापुढे वेगळाच पेच उभा राहिला. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे अर्धा-पाऊण तास चहाही घ्यायचा नाही. त्यांचा नवकारशीचा नियम लग्नापासूनचा. पहाटे साडेपाचला गोळी घ्या, असे डॉक्टरांनी सवयीने सांगितले आणि या घरी येऊन रडल्या. प्रत्यक्षात पेच इतका मोठा नव्हता. नवकारशी आल्यावर प्रथम गोळी आणि पाणी, मग पूजा, आणि तासाभराने नाश्ता. ही वेळ डॉक्टरांनी आनंदाने मान्य केली. कॅल्शियमची गोळी मात्र त्यानंतर चार तासांनी. उपवासाच्या दिवसाबद्दल त्यांनी साध्वीजींना विचारले. पच्चक्खाणात आगार कसे ठेवावेत हे साध्वीजींनी समजावून दिले, आणि एखाद्या दिवसाची गोळी चुकल्यास काय करायचे हे डॉक्टरांनी. हे औषध शरीरात बरेच दिवस टिकून राहते, त्यामुळे एका दिवसाच्या उपवासाने कोसळल्यासारखे होत नाही. मोठ्या तपस्येपूर्वी मात्र विचारूनच पुढे जायचे, असे ठरले.

त्वचा सुधारायला वेळ लागला. आषाढापर्यंत नडग्यांवर पापुद्रे होते. पर्युषणात संवत्सरी प्रतिक्रमणाला आम्ही शेजारी बसलो होतो. तीन तासांहून अधिक वेळ गेला. त्यांचा चरवळा उठ-बस करताना पुंजण्यासाठी जेवढा उचलावा लागतो तेवढाच उचलला गेला. बाहेर पडताना त्यांनी मला मिच्छामि दुक्कडं म्हटले. खरे तर आधी मीच त्यांना म्हणायला हवे होते, आणि तसे मी त्यांना सांगितले. त्यांनी विचारले, "येत्या हिवाळ्यात खोबरेल पुन्हा सुरू करायचे ना?" करायचेच. गोळीमुळे वयाचा कोरडेपणा जात नाही. आश्विनातील ओळीचे पारणे झाले की त्याच आठवड्यात, हवा कोरडी पडण्याआधी सुरू करा, असे मी सांगितले. आणि टीएसएच पुन्हा तपासण्याची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवायला लावली.